उंबऱ्यावरून सांगितलेला वारा

गावात माणसं पावसासाठी आभाळाकडं बघतात आणि वाऱ्यासाठी रंभाजी भिंगारदिव्याकडं. आभाळाचं बरं असतं, त्याला उत्तर द्यावं लागत नाही. रंभाजीला ती सवलत नाही. सकाळी तोंडात ब्रश, हनुवटीवर फेस, डोळे अजून निम्मे मिटलेले, आणि कुंपणाबाहेरून हाळी येते, "ओ हवालदार, आज पाचट पेटवू का?" तो जातो न जातो तोच दुसरी, "आबा, उडीद घिऊन बसलेय खळ्यात, वारं येतंय का न्हाई?" उन्हाळ्यात कुरडयावाल्या बाया, लग्नसराईत मंडपवाले. एका नवरदेवाच्या बापानं तर डीजेचा आवाज व्याह्यांच्या दारात जाईल का पोलीस चौकीच्या, असं विचारलं होतं म्हणे. हे भागिरथी सांगते. भागिरथी म्हणजे रंभाजीची बायको. तिचं निम्मं खोटं असतं, पण कुठलं निम्मं, ते तिचं तिलाही सांगता यायचं नाही.

तर असा हा आमचा वाऱ्याचा तलाठी. वय अठ्ठावन्न, गुडघे सत्तरीचे. शुगर आहे. डावा कान रायफलीच्या आवाजानं कधीच नेला, त्यामुळे भागिरथीला भांडायचं असलं की ती मुद्दाम उजवीकडून येते आणि त्याला झोपायचं असलं की तो उजव्या कुशीवर वळतो. एवढ्या एका युक्तीवर तो संसार तेहतीस वर्षं चालला आहे.

फौजेतून सुटून आला तेव्हा गावानं वेशीत हार घातला होता. पारावरच्या मंडळींनी मोठ्या आशेनं विचारलं, "हवालदार, किती मारले?"

"कागद," रंभाजी म्हणाला.

गाव जे हिरमुसलं ते आजतागायत. चोवीस वर्षं नोकरी केली आणि माणसावर एक गोळी झाडली नाही या गड्यानं! झाडल्या त्या सगळ्या कागदाच्या चांदमारीवर. पलटणीच्या नेमबाजीच्या संघात होता. लांब पल्ल्याची रायफल, हजार यार्डांची मॅच. हजार यार्ड म्हणजे मारुतीच्या पारापासून पार नाल्यापलीकडच्या पांढरीपर्यंत. तिथं एक कागद उभा करायचा आणि इथून पालथं पडून त्याच्या बरोब्बर काळजात गोळी घालायची. गोळीला पोचायला दीड-दोन सेकंद लागतात आणि तेवढ्यात साधी झुळूक तिला चांगली हात-दोन हात बाजूला नेते. म्हणून रायफल कुणीही चालवावी, वारा वाचणारा पाहिजे, असं रंभाजी पूर्वी सांगायचा. आता सांगत नाही. दमला आहे.

पण ते शिक्षण मोठं होतं. रेंजवर, म्हणजे चांदमारीच्या मैदानावर, वारा कळावा म्हणून झेंडे लावलेले असतात, आणि नवखा नेमबाज जवळच्या झेंड्याकडं बघतो, कारण तो जवळ असतो. रंभाजीच्या उस्तादानं त्याला पहिलं वर्ष रायफलीला हात लावू दिला नाही. नुसतं बसवलं. दुर्बीण डोळ्याला लावून मधल्या खड्ड्यातलं गवत बघ, पलीकडच्या टेकाडावरची धूळ बघ. ऊन चढल्यावर जमिनीवरून झळा निघतात त्या बघ, त्या सरळ वर उकळतात का पाण्यासारख्या एका अंगाला वाहतात. मॅचच्या वीस मिनिटांत गोळ्या मारायच्या दहा. बाकीचा वेळ मारायचं नाही. गोळी मारणं हे त्या कामातलं सगळ्यात कमी काम.

दुसरी शिस्त त्याहून वाईट होती. गोळी सुटली की निशाणाकडं बघायच्या आधी आपण सांगायचं, कुठं गेली. पलीकडच्या खंदकातला माणूस कागद खाली ओढतो, खूण लावतो, परत वर करतो. तो वर यायच्या आत तुमच्या तोंडून निघालं पाहिजे. त्याला कॉल म्हणतात. उस्ताद एवढंच म्हणायचा, "पहले बोल, फिर देख." चूक झालेली अंगाला आधी कळते, कागद फक्त साक्ष देतो. ज्याला ती कागदाच्या आधी बोलता येत नाही, त्यानं घरी जाऊन शेळ्या राखाव्यात.

महूच्या एका मॅचला शेवटच्या गोळीला रंभाजी पहिला होता. जवळचे झेंडे मेल्यासारखे लोंबत होते. त्यानं बोट दाबलं आणि दाबता दाबता त्याला मधल्या खड्ड्यातलं गवत वाकलेलं दिसलं. गोळी काही परत बोलावता येत नाही. "डावीकडं, आठ वाजता, बाहेरच्या कड्यात," तो लगेच बोलला. कागद म्हणजे घड्याळ धरलं तर आठच्या आकड्यापाशी. कागद वर आला, खूण तिथंच होती. पदक एका गुणानं गेलं. उस्तादानं पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, कॉल बरोबर होता. हा किस्सा रंभाजीनं गावात एकदाच सांगितला. ऐकणाऱ्यांनी विचारलं, "म्हंजी हारल्यावर शाबासकी? आसली कसली वो फौज?" त्यानंतर नाही सांगितला.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. ती कुणालाच माहीत नव्हती, हे या गावात आश्चर्यच. इथं शिंकलं तरी दुसऱ्या आळीत औषध सुचवतात.

गेल्या साली भादव्यात एका सकाळी, उजाडताच, सुनील त्याच्या दारी आला. हा सुनील म्हणजे तीन एकर आडसाली उसाचा धनी. मोटारसायकलवरून उतरणं त्याला कमीपणाचं वाटतं, एक पाय खाली टेकला की त्याच्या लेखी भेट झाली. उसात गाजरगवत आणि काटेमाठ माजला होता, बाहेरून ड्रोनवाला बोलावला होता. "हवालदार, वारा कसाय? तणनाशक मारायचंय."

रंभाजी उंबऱ्यावर चहा पीत बसला होता. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. दारापासून तो ऊस पाऊण किलोमीटर. गुडघ्यानं आदल्या रात्रीपासून सुरुवात केली होती. चहा गरम होता. "वारा पडलाय," तो बसल्या जागी म्हणाला. "खुशाल मारा."

उसाच्या मावळतीला, उताराला, नाल्याच्या अंगाला राहीबाईचा दीड एकर कापूस. राहीबाई विधवा बाई, मुलगा करण सुप्याला कारखान्यात, रविवारी येतो. घरी ती आणि सून रेश्मा. त्या तणनाशकाचा गुण असा, की ते रुंद पानाचं तण मारतं आणि उसाला काही करत नाही. कापूस रुंद पानाचाच. आठ दिवसांत राहीबाईच्या कापसाची पानं बेडकाच्या पायासारखी झाली, लांबट, बोटं फुटलेली. पात्या, म्हणजे फुलाच्या कोवळ्या कळ्या, गळाल्या. दिवाळीपर्यंत रानात नुसते काटक्यांचे झाडू उभे.

पण त्या दिवशी वारा नव्हता! साऱ्या गावानं पाहिलं होतं आणि खुद्द हवालदारानं सांगितलं होतं. मग उसावरचं औषध कापसावर जाईल कसं? राहीबाई आधी बियाणं विकणाऱ्याशी भांडली. मग म्हणाली, कुणीतरी करणी केली. आणि शेवटी तिला घरातच कारण सापडलं. रेश्मा त्या चार दिवसांत गाईला गवत आणायला कापसात शिरली होती. लपवलंही नव्हतं बिचारीनं, गाय हंबरत होती, शिरली. झालं. कापसाला विटाळ झाला. चावडीपर्यंत बातमी गेली. तेव्हापासून रेश्मा घरच्या रानाच्या बांधावर पाय ठेवत नाही. लोकांच्या कापसात वेचणीला जाते, चाळीस चाळीस किलो वेचते, आणि स्वतःच्या रानाला वळसा घालून घरी येते. आमच्या आळीतल्या बायांनी तिला ओटी भरायला बोलावणं बंद केलं होतं. बोलत कुणी काही नाही. नुसतं बोलावत नाही.

आणि रंभाजीला कारण कधी कळलं? पौषात. पहाटेची थंडी, निरभ्र आभाळ, तो नाल्याकडं गेला होता. राहीबाईच्या वस्तीवरच्या चुलीचा धूर माणसाच्या उंचीएवढा वर गेला आणि तिथं जणू कुणी पत्रा ठोकला होता तसा आडवा झाला. मग पसरत पसरत, मुंगीच्या चालीनं, उतारानं नाल्याकडं निघाला. पान हलत नव्हतं. गार झालेली हवा पाण्यासारखी खालच्या अंगाला सरकत होती आणि धूर तिच्या पाठीवर बसून चालला होता. रंभाजी बांधावर मटकन बसला. वारा पडला होता म्हणून औषध जागेवर बसलं, असं सारं गाव म्हणत होतं. वारा पडला होता म्हणूनच ते बारीक तुषार कुठं उडून पांगले नाहीत. सगळेच्या सगळे सरकत गेले आणि कापसात जाऊन बसले. रेंजवर पहिल्या महिन्यात शिकलेली गोष्ट. जवळचा झेंडा बघून गोळी मारली होती त्यानं, तीही चहा पिताना.

सांगायला हवं होतं. तो उठला, वस्तीच्या दिशेनं दहा पावलं गेला, आणि परत फिरला. आज नको, राहीबाई तापलेली आहे. मग संक्रांत. मग मुलाच्या, प्रवीणच्या टेम्पोचं काम निघालं. मग म्हटलं आता कशाला, विझलेलं कोण उकरतं. माणूस स्वतःला सांगायला लागला की त्याच्याइतका गोड कीर्तनकार नाही. पण रेश्मा डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन वळशाच्या वाटेनं जाताना दिसली की रंभाजी घरात शिरायचा. विटाळ हा शब्द भिंगारदिव्यांच्या घराला नवा नव्हता. त्याच्या आज्याच्या सावलीला तो चिकटवलेला होता, आणि छप्पन्न साली दीक्षा घेऊन आज्यानं तो गावाच्या पदरात परत टाकला होता. आता नातवाच्या गप्प बसण्यानं तोच शब्द दुसऱ्याच्या लेकीच्या डोक्यावर वैरणीसारखा बसला होता. त्याला थकवा आला तो याचा. गुडघ्याचा नव्हे. भागिरथी म्हणायची, "डाक्टरला दाखवा, तुमी बसल्या बसल्या दमताय." तिला काय माहीत.

यंदा परत भादवा आला. परत सुनीलचा ऊस, परत गाजरगवत, परत राहीबाईचा कापूस, आणि या खेपेला ड्रोन घरचाच. रंभाजीची सून वृषाली पंधरा दिवस शिकून आली होती, बचत गटाला ड्रोन मिळाला होता. गाव तिला विमानवाली म्हणायचं. बाहेरगावी तिनं फवारण्या केल्या होत्या, पण गावातलं हे पहिलं काम. आणि गावातलं पहिलं काम म्हणजे काय, हे लग्नाच्या पहिल्या स्वयंपाकात मीठ जास्त झालेल्या कुठल्याही सुनेला विचारा.

"आबा, सक्काळी सहाला मारायचंय," ती आदल्या दिवशी जेवताना म्हणाली. "सुनीलभाऊ म्हनत्यात वारा नसतो तवा."

रंभाजीच्या हातातला घास हातातच राहिला. "मी येतो."

"तुमी कशाला? हितनं सांगा की. सगळ्यान्ला हितनंच सांगता."

"येतो म्हनलं ना."

भागिरथी उजवीकडून म्हणाली, "जाऊ द्या त्यान्ला. तेवढंच चालनं हुईल."

सकाळी दव पडलं होतं, आभाळ धुतल्यासारखं. प्रवीणनं टेम्पोतून ड्रोन उतरवला आणि तो शेवगावच्या भाड्यावर गेला. वृषालीनं टाकी भरली. सुनील आज चक्क मोटारसायकलवरून उतरला होता, कारण विमान बघायचं होतं. रंभाजी प्लॅस्टिकची बादली पालथी घालून बांधावर बसला. शेजारी जुनी दुर्बीण, तिपाईवर. एक पान हलत नव्हतं.

"ब्येस!" सुनील म्हणाला. "वारा ठार मेलाय. चल वृषाली, उडीव."

"थांब," रंभाजी म्हणाला.

"का?"

"वारा न्हाई म्हनून."

सुनीलनं त्याच्याकडं बघितलं, मग वृषालीकडं, मग ड्रोनकडं, जणू त्या तिघांत शहाणं कोण ते ठरवत होता. "हवालदार, वारा आसला तरी थांब, नसला तरी थांब! मंग आमी मारायचं कवा? पंखा लावून?"

"वारा मावळतीकडनं सुटू दे. बारका, पन चालता. कापसाकडनं उसाकडं. तवा मार."

"आवो जग वारा पडल्यावर फवारतंय, आन् तुमी मला सुटल्यावर फवारा म्हनताय? आसल्यानंच ते मेडल ग्येलं तुमचं!"

वृषालीचा अंगठा रिमोटवर होता. पहिलं काम, सासरा अडवतोय, गिऱ्हाईक तापलंय. "आबा," ती हळूच म्हणाली, "नक्की?"

रंभाजी उठला. गुडघा कटकन वाजला. त्यानं उसाच्या कडेचं वाळकं पाचट गोळा केलं, वर दवात भिजलेलं मूठभर गवत टाकलं आणि काडी ओढली. पांढरा धूर निघाला. कमरेएवढा चढला, छातीएवढा चढला, आणि थांबला. मग आडवा झाला. तिघंही बघत राहिले. धूर कुठंही उडाला नाही. चादर ओढावी तसा तो बांधावरून घसरला, राहीबाईच्या कापसात शिरला आणि फुलांवर जाऊन बसला. तिथून हलेचना.

सुनीलचं तोंड उघडं राहिलं. तेवढ्यात कापसाच्या पलीकडच्या अंगानं राहीबाई येताना दिसली, हातात खुरपं. "कोन रं ते धूर करतंय माझ्या रानात? परत काय करायचं ठरीवलंय का माझ्या कापसाचं?"

सुनील तसा मंद गडी, पण शेतात मुरलेला. धुराकडं बघता बघता त्याच्या डोक्यात काहीतरी जुळलं. "हवालदार," तो आवाज बारीक करून म्हणाला, "गेल्या साली बी आसंच हुतं. पान हलत नव्हतं. तुमीच म्हनला हुता मारा."

आता इथं सोपी वाट होती. राहीबाई अजून वीस पावलं लांब होती. सुनीलला स्वतःच्या औषधाचं नाव निघायला नको होतं, तो गप्पच बसला असता. वृषालीचं पहिलं काम होतं. कापूस तर यंदा वाचतच होता. एवढं म्हटलं असतं की झालं, "गेल्या सालचं गेल्या साली." रंभाजीला त्या एका क्षणात किती झोप आली म्हणून सांगू, उभ्या उभ्या. कागद खंदकात गेला होता आणि अजून वर आला नव्हता.

"राहीआक्का," तो म्हणाला, "हिकडं या. सांगायचंय."

"तिथनंच सांगा."

"गेल्या साली तुमचा कापूस औषधानं ग्येला. सुनीलच्या उसावरच्या. मला इचारलं हुतं, मी घरात बसून वारा सांगितला. चुकीचा सांगितला. ह्यो धूर बघा, आसंच आलं ते. बियाण्याचं न्हाई, कुनाच्या करनीचं न्हाई." त्यानं श्वास घेतला. "आन् रेश्माचं तर न्हाईच न्हाई. त्या पोरीचा काडीचा संबंध न्हाई. मला पौषातच कळलं हुतं. मी बोललो न्हाई."

धूर अजून फुलांवरच बसून होता.

राहीबाई धुराकडं बघत होती. मग सुनीलकडं. सुनील आपली चप्पल न्याहाळत होता. शेवटी ती रंभाजीकडं वळली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "पौषात?"

"व्हय."

"पौष, माघ, फागुन..." तिनं खुरप्याच्या मुठीवर बोटं मोजली. नऊवर थांबली. आमच्या गावात राहीबाई ओरडते तेव्हा कुणी घाबरत नाही. ती ओरडली नाही, म्हणून सुनील दोन पावलं मागं सरकला. "नऊ म्हयने तुमी मला राम राम घातला, हवालदार. माझ्या घरच्या वाळवनाला वारा सांगितला. आन् पोटात ह्ये?"

कॉल दिल्यावर नेमबाज बोलत नसतो.

राहीबाईनं पाठ फिरवली आणि वस्तीकडं तोंड करून हाक मारली, जशी ती रोज मारते तशीच, खरखरीत. "रेश्मे! ए रेश्मे! ये हिकडं कापसात. खुरपं घिऊन ये." माफीचा एक शब्द नव्हता तिच्यात. सासवांकडं तो शब्द नसतोच, त्यांना तो हाकेतच घालावा लागतो.

रेश्मा वस्तीच्या दारात आली. आली ती रानाच्या बांधापर्यंत, आणि तिथं थांबली. वर्षभर जिथं थांबत होती तिथंच. पदर खोचलेला, हात पिठाचे. तिनं साऱ्यांकडं एकदा बघितलं.

"आगं ये की! बघतीस काय? हवालदार म्हनत्यात तुझं काय नव्हतं म्हनून."

"काय म्हनत्यात?"

"आगं तेच. औषधानं ग्येला कापूस."

"मला ऐकू आलं न्हाई, आत्या," रेश्मा म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सकाळच्या त्या गार हवेत पाऊण किलोमीटर गेला असेल. "विटाळ झाला ते तुमी चावडीपतुर सांगितलं, ते मला निट ऐकू आलं हुतं. ह्ये न्हाई आलं. ज्याचं हाय त्यानं सांगावं. हितं येऊन."

वृषालीनं सासऱ्याकडं बघितलं. मधे चाळीस पावलांचा कापूस, दवानं ओला, आणि सरीत चिखल. रंभाजीनं बादलीला हात टेकून तोल सावरला आणि निघाला. एक गुडघा उचलायचा, ठेवायचा, दुसरा उचलायचा. सुनील म्हणाला, "आवो मी सांगतो की तिला, तुमी कशाला..." पण त्याच्या बाजूला रंभाजीचा डावा कान होता.

बांधापाशी जाऊन तो उभा राहिला आणि सगळं पहिल्यापासून परत सांगितलं. उंबरा, चहा, गुडघा, पौष, दहा पावलं जाऊन परत फिरणं, काही वगळलं नाही. सांगून झालं तेव्हा रेश्मानं पिठाचे हात लुगड्याला पुसले, खाली वाकली आणि बांध ओलांडून सरीत पाय ठेवला. मग दुसरा. कापसाच्या पहिल्याच झाडापाशी बसून तिनं मुळाशी आलेलं गवत हातानं उपटलं. खुरपं आणलंच नव्हतं.

त्यानंतर पावणेनऊपर्यंत कुणी काही केलं नाही. ऊन चढलं. दव उडालं. सुनील तीनदा घड्याळ बघून आणि दोनदा तंबाखू मळून थकला. रंभाजी दुर्बिणीला डोळा लावून बसला होता, आणि मधेच त्यानं वृषालीला बोलावलं. "बघ. नाल्याच्या पलीकडं, जमिनीच्या वर. काय दिसतंय?"

"पानी हालल्यासारखं, आबा."

"कुनीकडं चाललंय?"

ती बराच वेळ बघत राहिली. "सरळ वर... उकळतंय नुसतं."

"मंग न्हाई अजून."

पंधरा मिनिटांनी ती आपण होऊनच म्हणाली, "आता वाहायलंय. हिकडं. कापसाकडनं आपल्याकडं."

"उसाचं पान?"

"हालतंय. बारकं."

"मंग मला काय इचारती? तू सांग."

वृषालीनं आणखी थोडा वेळ बघितलं. मग सुनीलला म्हणाली, "मारते. पन कापसाच्या बाजूच्या दहा सऱ्या सोडनार. त्या खुरपून घ्या." सुनील कुरकुरला, दहा सऱ्या खुरपायला बाया कुठून आणू म्हणाला. आणि कापसातून राहीबाईचा आवाज आला, "तूच बस की खुरपायला. विमान बघायला येळ हाय न्हवं!" रंभाजी सोडून सगळे हसले. ड्रोन उडाला. पोटातलं औषध सांडत गेला आणि ते औषध उसावरच पडलं.

राहीबाईनं नंतर सगळ्यांना चहा पाजला. वृषालीला, सुनीलला, रेश्मालाही. रंभाजीला विचारलं नाही. तोही बादली उचलून घरी आला आणि दुपारभर झोपला, दोन्ही कुशींवर.

हा भाग भागिरथीनं सांगितलेला नाही, त्यामुळं खरा धरावा. आठ दिवस राहीबाई त्याच्याशी बोलली नाही. समोर आली की पदर ओढून पलीकडून जायची. गावानं मात्र पुरतं तोंडसुख घेतलं. पारावर "हवालदार, आमची म्हस कशानं आटली, तुमच्यानंच का?" इथपर्यंत मजल गेली. आळीतल्या बायांनी रेश्माला पुन्हा ओटीला बोलावलं. ती गेली नाही. म्हणाली, बघू पुढच्या खेपेला. रंभाजी सगळं ऐकून घ्यायचा. चिडायलाही ताकद लागते. कापसाचं पान रोज सकाळी बांधावरून बघून यायचा, बोटं फुटलीत का. फुटली नव्हती. पंजा होता तसाच, रुंद.

नवव्या दिवशी सकाळी तो उंबऱ्यावर चहा घेऊन बसला होता. कुंपणाबाहेर रेश्मा येऊन उभी राहिली, डोक्यावर मोकळी पाटी.

"आबा, आत्यानं इचारलंय. उडीद उफनायचेत. वारं कवा येईल?"

"तिनं इचारलंय?"

"मी इचारतेय म्हना. पन पाठीवलंय तिनं."

कडुनिंबाची वरची फांदी चांगली हलत होती. मावळतीचं वारं, कुणीही आंधळ्यानं सांगावं असं. भागिरथी उजवीकडून म्हणाली, "सांगा की, आता सुटलंय म्हनून. पोरगी उभी हाय."

रंभाजीनं कप खाली ठेवला. अजून निम्मा होता, वाफ येत होती. चौकटीला धरून तो उठला, गुडघा वाजला, पायानं चप्पल शोधली.

"हितनं न्हाई सांगत," तो म्हणाला. "चल, खळ्यावर येतो."